पेन्सिलीचा ठसा

मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून मी एकतीस वर्षं काम केलं. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, फोटो काढायचे, गॅरेजवाल्याच्या इस्टिमेटला कात्री लावायची आणि गाडीमालक व कंपनी दोघांच्याही शिव्या खायच्या. या कामात चासी नंबरचा ठसा घ्यावा लागे. नंबर जिथे पंच केलेला असतो तिथलं ग्रीस रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचं, वर पातळ कागद धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हातानं घासायची. भोवताल काळं होतं, आकडे पांढरे उमटतात. जुनी गाडी नावावर करून घेताना आरटीओच्या फॉर्मला हा ठसा ज्यांनी जोडला असेल त्यांना वेगळं सांगायला नको.

एकदा सांगलीजवळच्या एका गॅरेजात एक फियाट बघायला गेलो होतो. आरसी बुकातला नंबर आणि गाडीवरचा नंबर तंतोतंत जुळत होता. ठसा घेतला तेव्हा मात्र त्यातला एक आठ विचित्र उमटला. उजवी बाजू गोल, सफाईदार. डावी बाजू खोल आणि जराशी तिरकी. कुणीतरी तिनाचा आठ केला होता. भर दुपारी, चष्मा लावून जे मला दिसलं नाही ते पेन्सिलीनं दाखवलं.

हे पुस्तक लिहिणारा तेव्हा दहावीत होता आणि आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. तो ठसा त्यानं माझ्या टेबलावर पाहिला आणि पुढचा दीड तास मला सोडलं नाही. आता तो मिशिगनमध्ये असतो. अमेरिकेतल्या जुन्या मसल कार, त्यांचे सापडण्याचे किस्से आणि त्या खऱ्या की खोट्या हे ठरवण्याच्या रीती यांवर त्यानं मराठीत चांगलं जाडजूड पुस्तक लिहिलंय, आणि प्रस्तावना काकांनीच लिहायची असा हट्ट धरलाय. त्या गाड्या मी फक्त पडद्यावर पाहिल्यात, असं मी सांगून पाहिलं. तो म्हणाला, “पण ठसा तुम्ही घेतलाय ना?” यावर मला काही बोलता आलं नाही.

मसल कार म्हणजे काय हे पुस्तकात सविस्तर आहेच. थोडक्यात सांगायचं तर मध्यम आकाराची, घरगुती वापराची दोन दारी गाडी घ्यायची आणि तिच्या नाकात मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन बसवायचं. या प्रकाराची सुरुवात बहुतेक जण १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून धरतात. जनरल मोटर्सचा तेव्हा घरचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टियाकच्या लोकांनी, त्यात जॉन डिलोरियन आघाडीवर, यातून पळवाट काढली. जीटीओ ही वेगळी गाडी नाहीच, लेमान्स या साध्या गाडीवर मागवता येणारं एक जादा पॅकेज आहे, असं त्यांनी कागदावर दाखवलं. आणि त्या पॅकेजात ३८९ घन इंचांचं इंजिन दिलं. पहिल्या वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या, मग वरिष्ठांनाही नियम आठवेनासा झाला.

ही पळवाट आज साठ वर्षांनी लोकांच्या डोक्याला ताप झाली आहे. जीटीओ ही कागदोपत्री वेगळी गाडी नसल्यानं १९६४ आणि १९६५ सालच्या चासी नंबरावरून गाडी जीटीओ आहे की साधी लेमान्स, हे कळतच नाही. शेव्हरलेची तीच गत. १९७० ची शेव्हेल एसएस, ४५४ घन इंचांची आणि ४५० अश्वशक्तीची, आज सोन्याच्या भावात जाते. पण त्या काळातल्या शेव्हरलेच्या नंबरात इंजिन सहा सिलिंडरचं की आठ सिलिंडरचं, एवढंच सांगितलेलं असतं. कुठलं आठ सिलिंडरचं, यावर नंबर गप्प. साधी शेव्हेल घ्या, बॉनेटवर पट्टे ओढा, एसएसची चिन्हं टपालानं मागवा, भंगारातलं मोठं इंजिन बसवा, झाली एसएस. क्रायस्लरच्या गाड्यांत निदान नंबरातलं एक अक्षर इंजिन सांगतं. ४२६ हेमीसाठी ‘आर’. पण पैसा जिथे एवढा, तिथे अक्षरही बदलता येतं. १९७० साली प्लिमथ कुडावर हेमी इंजिन घ्यायला सुमारे ८७१ डॉलर जादा पडत. त्या वर्षी अशा ६६६ गाड्या निघाल्या, त्यातल्या उघड्या टपाच्या फक्त १४. पुढच्या वर्षीची, म्हणजे १९७१ सालची, उघड्या टपाची एक हेमी कुडा २०१४ मध्ये सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. हा आकडा वाचल्यावर तिनाचा आठ कोण कशासाठी करतो, हे वेगळं विचारायला नको.

या पुस्तकातलं मला सगळ्यात आवडलेलं प्रकरण कागदांवरचं आहे. आपल्याकडे खरेपणा सिद्ध करायचा म्हटलं की माणूस स्टॅम्पपेपरवर अॅफिडेव्हिट करून आणतो. माझा अनुभव असा की पुरावा म्हणूनच जन्माला आलेल्या कागदावर सगळ्यात कमी विश्वास ठेवावा. डेट्रॉईटच्या कारखान्यांत असेंब्ली लाइनवरच्या कामगारासाठी एक चिठोरा छापला जायचा: या गाडीला अमुक इंजिन, तमुक गिअरबॉक्स, सीट काळ्या. काम झालं की तो कुठेतरी खुपसून द्यायचा. क्रायस्लरच्या गाड्यांत तो मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो, कधी ग्लोव्ह बॉक्सच्या वर. जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुष्कळदा पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर चिकटलेला. पिवळा पडलेला, तेलकट, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. पन्नास वर्षांनी हा कागद कुणी हातात घेईल, असं त्या कामगाराच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणूनच त्याची साक्ष मोलाची. आता जुने कागद चहाच्या पाण्यात बुडवून तयार करणारेही निघाले आहेत. पण खोटा कागद योग्य स्प्रिंगांत, योग्य गंजासह, पन्नास वर्षांच्या धुळीखाली ठेवणं सोपं नाही.

धातूचंही असंच. ओतीव लोखंडाच्या इंजिनावर ओतल्याची तारीख असते. शेव्हरलेच्या ब्लॉकवर ‘सी १४ ९’ असं दिसलं तर ‘सी’ म्हणजे तिसरा महिना आणि ९ म्हणजे १९६९. १४ मार्चला ओतलेला. ती गाडी फेब्रुवारीत तयार झाली असेल तर हे इंजिन तिचं नव्हे, कुणी कितीही शपथा घेऊ देत. इंजिनावरच्या ज्या छोट्या सपाट जागेवर गाडीचा नंबर पंच करतात, तिथे कारखान्यातल्या यंत्रानं घासल्याच्या बारीक समांतर रेषा असतात. जुना नंबर तासून नवा मारणारा या रेषाही तासून टाकतो. काही बहाद्दर सँडपेपरनं तशा रेषा ओढून ठेवतात, पण हाताची रेघ आणि यंत्राची रेघ भिंगाखाली सारखी दिसत नाही. इथे मला माझा तिरका आठ आठवला.

मात्र या सगळ्यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, आणि लेखकानं ती पाचव्या प्रकरणाच्या तळटीपेत ढकलली म्हणून मी त्याच्याशी भांडलो. गाडी खरी आहे का, हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. या नंबरची गाडी मुळात काय म्हणून बनली? आणि समोर उभा असलेला पत्रा त्याच नंबरचा आहे का? पहिल्याचं उत्तर दफ्तरात मिळतं. फोर्डच्या बाबतीत तर फारच चांगलं मिळतं, कारण १९६७ पासूनची उत्पादनाची नोंद केव्हिन मार्टी या गृहस्थांकडे कंपनीच्या परवान्यानं आहे. नंबर द्या, पैसे भरा, गाडीचा रंग, इंजिन, कुठल्या विक्री विभागाची ऑर्डर, सगळं छापून मिळतं. त्याला मार्टी रिपोर्ट म्हणतात. लोक तो फ्रेम करून भिंतीवर लावतात आणि गाडी अस्सल म्हणून सांगत सुटतात. अहो, कागद नंबराबद्दल बोलतोय, गाडीबद्दल नाही. आरसी बुक खरं आणि गाडी चोरीची, अशी किती प्रकरणं मी हातावेगळी केली असतील!

दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीत बघायचे तर ‘बुलिट’च्या मस्टँगसारखं उदाहरण नाही. (मस्टँग ही मसल कार नव्हे, पोनी कार, असं म्हणणारे सोवळे लोक अमेरिकेतही आहेत. त्यांनी पुढची पानं सोडून द्यावीत.)

१९६८ चा हा सिनेमा, स्टीव्ह मॅक्वीन नायक, पीटर येट्स दिग्दर्शक. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर हिरवी मस्टँग आणि काळी डॉज चार्जर यांचा सुमारे अकरा मिनिटांचा पाठलाग त्यात आहे. ज्यानं तो पाहिलाय त्याच्या पोटात तो चढ अजून येतो. चित्रीकरणासाठी वॉर्नर ब्रदर्सनं एकापाठोपाठच्या नंबरांच्या दोन मस्टँग घेतल्या. नंबर असे: ८ आर ०२ एस १२५५५८ आणि ८ आर ०२ एस १२५५५९. वाचायची रीत सोपी आहे. ८ म्हणजे १९६८, आर म्हणजे कॅलिफोर्नियातला सॅन होजेचा कारखाना, ०२ म्हणजे उतरत्या पाठीची फास्टबॅक बॉडी, एस म्हणजे ३९० घन इंचांचं जीटी इंजिन, आणि शेवटी गाडीचा अनुक्रमांक. रंग हायलँड ग्रीन. मॅक्स बालचाउस्की या रेसच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिरानं त्यांचं सस्पेन्शन बळकट केलं. जाळीवरचा धावता घोडा आणि धुक्याचे दिवे काढून टाकले.

नंबराच्या शेवटी ५८ असलेल्या अठ्ठावन्ननं उड्या मारल्या. तिचे हाल झाले आणि ती भंगारात गेली, असं सगळ्यांनी धरलं होतं. एकोणसाठ जरा सांभाळून वापरली गेली. जवळच्या दृश्यांत मॅक्वीन दिसतो तो बहुतेक हिच्यात. दोन हात बदलून १९७४ मध्ये ती न्यू जर्सीतल्या विमा कंपनीतल्या एका अधिकाऱ्यानं ‘रोड अँड ट्रॅक’ मासिकातली जाहिरात बघून काही हजार डॉलरला घेतली. (विमावाला! लेखकानं हे मुद्दाम मला अधोरेखित करून पाठवलं होतं.) बायको ती रोजच्या कामाला न्यायची. १९८० च्या सुमारास क्लच गेला, गाडी उभी राहिली ती कित्येक वर्षं. घर बदललं, राज्य बदललं, गाडी बरोबर गेली, पण त्याबद्दल बाहेर कुणी चकार शब्द काढला नाही. जगभरचे शौकीन तिचा शोध घेत होते. जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉईटच्या मोटार शोमध्ये मुलानं ती लोकांसमोर आणली.

आता तुम्ही सर्व्हेअर आहात असं समजा. मस्टँगवर हिरवा रंग मारून, घोडा काढून ‘बुलिट’ बनवलेल्या गाड्या अमेरिकेत गल्लोगल्ली आहेत. ही खरी कशावरून? नंबर जुळला, ठीक. पण नंबर काय, त्याची पट्टी दोन रिव्हेटांवर असते. मग खाली वाकून बघायचं. दाराखालच्या पट्टीला कॅमेरा बसवण्यासाठी वेल्ड केलेले जोड. बळकट केलेले सस्पेन्शनचे टॉवर. हे जोड गाडी सुंदर व्हावी म्हणून कुणी केलेले नाहीत. चित्रीकरणाच्या घाईत, उद्या शॉट आहे म्हणून केलेलं ते काम आहे, आणि वेल्डिंगचे ओघळ तसेच आहेत. त्यावर पन्नास वर्षांचा गंज बसलाय.

आणि एक पत्र. डिसेंबर १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीननं या मालकाला लिहिलं होतं: गाडी परत घ्यायची इच्छा आहे, फार पैसे लागणार नसतील तर बघू, नाहीतर राहू दे, अशा अर्थाचं. मालकानं विकली नाही. १९८० मध्ये मॅक्वीन वारला. या पत्राची गंमत बघा. गाडी खरी आहे असं सांगणारं एकही वाक्य यात नाही. यात एक माणूस आपली जुनी गाडी परत मागतोय, तीही घासाघीस करून. स्टॅम्पपेपरवरच्या दहा साक्षीदारांपेक्षा मला या घासाघिशीचं वजन जास्त वाटतं. गाडीची कागदोपत्री नोंद पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत झाली. या नोंदवहीची कागदपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जातात. १० जानेवारी २०२० ला फ्लोरिडातल्या किसिमीच्या लिलावात ती ३४ लाख डॉलरला तुटली. लिलावाचं कमिशन धरून ३७ लाख ४० हजार. गंज, उडालेला रंग, सगळं होतं तसं ठेवून.

मधल्या काळात अठ्ठावन्नही सापडली होती. २०१७ मध्ये, मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात. पांढरा रंग मारलेला सांगाडा, आत इंजिन नाही. ज्याच्या हाती आली त्याला तिची दुसऱ्याच एका सिनेमातल्या मस्टँगची नक्कल बनवायची होती. पत्रा कापायला घेणार, त्याआधी नंबर तपासायला गेला आणि मार्टींच्या नोंदीत घंटा वाजली. तरी मघाशी म्हटलं तसं, नंबर जुळला म्हणजे काम निम्मंच झालं. उरलेलं निम्मं मार्टींनी सांगाडा तपासून केलं. टॉवर बळकट केलेले. डिकीच्या पत्र्याला भोकं, दिव्यांच्या केबल नेण्यासाठी पाडलेली. एखाद्या डेंटरनं ती भोकं भरून, लांबी लावून वर पॉलिश मारलं असतं तर? गाडी सुंदर झाली असती आणि पुरावा गेला असता. थोडक्यात निभावलं.

लेखकानं सांगितलेली ‘लिटल रेड’ची गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. १९६७ ची ही शेल्बी जीटी ५००, प्रयोगासाठी बनवलेली लाल गाडी, कारखान्यानं नष्ट केली असा समज होता. लोक वर्षानुवर्षं शेल्बीचा नंबर घेऊन शोधत राहिले. शेवटी एकाच्या डोक्यात आलं की शेल्बी होण्याआधी ही फोर्ड होती, तेव्हा सरकारी नोंदीत ती फोर्डच्या नंबरनंच असणार. तो नंबर शोधला आणि २०१८ च्या मार्चमध्ये गाडी टेक्ससमधल्या एका शेतात उभी सापडली. वीसेक वर्षं तिथेच होती. शोध घेणारे हुशार होते. चुकीच्या रकान्यात बघत होते एवढंच. आरटीओच्या खिडकीवर जुनं नाव न सांगता नवं नाव सांगितलं की जसं ‘रेकॉर्ड मिळत नाही’ असं उत्तर मिळतं, तसं.

पुस्तकावर माझी एक तक्रार आहे. लेखक बऱ्याच ठिकाणी ‘शंभर टक्के अस्सल’ असं लिहून जातो. सर्व्हे रिपोर्टात हे शब्द मी एकदाही लिहिले नाहीत. आम्ही लिहायचो, ‘तपासणीत विसंगत काही आढळलं नाही.’ यात घाबरटपणा नाही. विसंगती शोधायच्या जेवढ्या जागा मला माहीत होत्या तेवढ्या मी बघितल्या, एवढंच या वाक्यात मी कबूल करतो. पुढच्या आवृत्तीत त्यानं ते बदलावं. नकली गाड्यांना मात्र तो जितका माफ करतो तितका मीही करीन. कुणी हौसेनं हिरवी मस्टँग बनवली आणि ‘ही बनवलेली आहे’ असं सांगितलं, तर त्यात वाईट काय? वाईट ते सांगणं टाळण्यात आहे.

हे सगळं अमेरिकेचं, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी, मूळ रूपात असलेली, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली, अशा गाडीला ‘व्हीए’ची वेगळी नंबरपट्टी मिळते, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी. म्हणजे ‘मूळ रूप’ कशाला म्हणायचं, हा वाद आता आपल्याही आरटीओच्या टेबलावर आला आहे. त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी हे पुस्तक वाचायला हरकत नाही.

वाचकांना माझी एकच विनंती. तुमच्या वाड्याच्या मागच्या पडवीत, आजोबांच्या राइस मिलच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली एखादी जुनी गाडी असेल तर पहिल्या दिवशी तिच्यावर पाणी मारू नका. पाइप बाजूला ठेवा. आहे त्या जागी, आहे त्या धुळीत चारही बाजूंनी फोटो काढा. मागच्या सीटखाली हात घालून बघा. हातमोजा घाला, उंदीर असतात. ग्लोव्ह बॉक्समधली जुन्या पेट्रोलची पावतीसुद्धा फेकू नका. आणि नंबरचा ठसा घ्या. पेन्सिल एचबी नको, टू-बी घ्या. ठसा जास्त स्पष्ट उठतो.